चिठ्ठीतलं ‘माने’

मंगल आटपाडीहून सकाळच्या एसटीनं सांगलीला आली, ती पिशवीत भाकरी-चटणी आणि डोक्यात काळजी घेऊन. भाकरी लेकीच्या डब्यात गेली. काळजी मात्र दुकानात पाय ठेवताच दुप्पट झाली, कारण नानासोंनी तिला बाजूला घेतलं होतं.

नानासोंचं मेडिकल दवाखान्यांच्या रस्त्याला. मंगलची लेक राणी तिथं तीन महिन्यांपासून फार्मासिस्ट होती. त्याआधी दोन दुकानं झाली होती आणि दोन्हीकडून एकाच कारणानं तिला निरोप मिळाला होता. आता तेच कारण नानासो चहाचा कप पुढं करत हळू आवाजात सांगत होते.

“ताई, पोरगी हुशार हाय, आमी न्हाई कुठं म्हणतोय. औषधाची नावं तोंडपाठ. पण गिऱ्हाइकाला लय विचारती. कुणाला पायजे, कवापासनं घेताय, जेवायच्या आधी का मागनं. परवा एक जण म्हणाला, ही मेडिकलवाली हाय का फौजदारीण? महिनाअखेरपतूर बघू म्हणतो.”

‘बघू’ या शब्दाचा अर्थ मंगलला चांगला ठाऊक होता. ती बी.ए. झालेली, अंगणवाडीत सेविका. बीडीओ ‘बघू’ म्हणतात तेव्हा काय होतं हे पंधरा वर्षं पाहिलेलं. पोरीनं तिसरी जागा घालवली तर सांगलीत चौथी देणार कोण? आटपाडीला परतून ती करणार काय? या विचारात तिनं चहा तसाच ठेवला. काउंटरच्या आत, फॅनखाली एक खुर्ची होती, तिथं ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली आणि लेकीकडं बघत राहिली. पांढरा ॲप्रन, छातीवर नावाची पट्टी. इंग्रजीत लिहिलेलं, राणी माने.

या नावानं पोरीला लहानपणापासून काही सुखानं बसू दिलं नव्हतं.

राणी सहा वर्षांची असताना मंगलही मेंढरांमागं जायची. दिवाळी झाली की राणीचा बाप, बाळासो, कळप घेऊन खाली कर्नाटकात उतरायचा आणि बिऱ्हाड घोड्यावर लादून सगळी मागोमाग. एकदा अथणीच्या पुढं एका विहिरीवर कानडी पोरींनी राणीला घेरलं. “मने एल्ली? मने एल्ली?” त्या सारख्या विचारत होत्या. राणीला वाटलं, आपलं आडनाव घेऊन चिडवताहेत. ती छाती काढून म्हणाली, “मीच माने.” पोरी हसून लोळायच्या बाकी. ती रडत पालावर आली तेव्हा बाळासोनं तिला मांडीवर घेतलं. “अगं, कानडीत घराला मने म्हणत्यात. तुजं घर कुटं हाय, असं इचारत हुत्या त्या.”

“मग आपलं आडनाव घर हाय व्हय?” राणीनं नाक पुसत विचारलं.

“व्हय की. आपण पालात ऱ्हातो म्हणून काय झालं? घर संगट घिऊनच फिरतो.”

मंगलला तेव्हा हसूही आलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. पोरीच्या शाळेसाठी म्हणून पुढच्या वर्षापासून ती आटपाडीला राहिली, बाळासो एकटा कळपामागं गेला.

आठवीत इंग्रजीच्या सरांनी डिक्शनरी बघायला शिकवली आणि वर्गातल्या एका टारगटानं पहिल्याच दिवशी राणीचं आडनाव शोधलं. उच्चार ‘मेन’, अर्थ आयाळ. झालं. “आयाळ आली, आयाळ आली.” राणी घरी येऊन म्हणाली, आई, माझे केस काप. मंगल म्हणाली, “त्यास्नी सांग, आयाळ सिंहाला असती, गाढवाला न्हाई.” राणीनं जरा विचार केला आणि म्हणाली, “गाढवालाबी असती गं, आखूड. त्यांनी तपासलं तर?” अशी पोर. भांडणातसुद्धा खोटं चालायचं नाही. मंगलला तिची हीच सवय धास्तीची वाटायची. जगात एवढं नेमकं बोलून कुणाचं भलं झालंय?

मंगल या विचारात होती तोवर एक म्हातारा-म्हातारी दुकानाची पायरी चढली. म्हातारे ताठ, पांढऱ्या मिशा, पायांत पॉलिश केलेले बूट. म्हातारीनं सकाळचे अकरा वाजले असताना, ऊन चांगलं तापलेलं असताना, स्वेटरवर शाल लपेटलेली. तिला धाप लागलेली बघून मंगलनं पटकन उठून आपली खुर्ची बाहेर आणून दिली.

“बसा मावशी.”

“बसते बाई. दोन पावलं चाललं की बसावंसंच वाटतंय बघ,” म्हातारी सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली. तिचा चेहरा सुजल्यासारखा होता. “थंडी कशी हाडात शिरल्यावानी झालीया. लेकीकडं आलोय हितं, सांगलीत. गाव आमचं कोरेगावाकडं.”

म्हाताऱ्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला आणि काचेवर सरळ करून ठेवला. “सुभेदार नाथाजी माने, रिटायर्ड. पोरगा वीरधवल इंग्लंडात असतो. तिथं सहा महिने होतो, तिथल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन हाय. ह्या दोन्ही गोळ्या दे, दोन-दोन महिन्यांच्या.”

राणीनं कागद वाचला. “कुणासाठी आहेत, आबा?”

मागं नानासो खाकरले. मंगलला ती खाकर बरोबर कळली.

“एक माझी, एक हिची.”

“तुमची कुठली?”

“ही काय, वरची. म्होरं नावच घातलंय की माझं.” त्यांनी गोळीच्या नावापुढं बोट टेकवलं. “वन, माने. एक गोळी, माने. साफ लिहिलंय.”

ते बोट कागदावर नुसतं टेकलं नव्हतं, थरथरत होतं. राणी आधी त्या बोटाकडं, मग त्यांच्या गळ्याभोवती सैल पडलेल्या कॉलरकडं बघत राहिली. मग तिची नजर खुर्चीतल्या म्हातारीकडं गेली.

“आबा, झोप लागते?”

“झोप कसली. रात्रभर टक्क जागा. छातीत निस्तं घोडदळ दौडतंय. आन् वजन म्हणशील तर चार महिन्यांत आठ किलो गेलं. गावाकडं म्हणत्यात, सुभेदार, इंग्लंडला जाऊन जवान होऊन आला.”

“गोळी चार महिने घेताय?”

“हिकडं आल्यापासनं. एक दिवस चुकवली न्हाई. फौजेत कागदावर हुकूम आला की आला.”

राणीनं स्ट्रिप काढायला हात वर नेला होता, तो खाली आणला.

“ही गोळी मी तुम्हांला देऊ शकत नाही, आबा. ती तुमची नाही.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. मंगलनं पदर सावरला.

“माझी न्हाई?” सुभेदारांच्या मिशा हलल्या. “माझं नाव वाचता येत न्हाई व्हय तुला?”

“येतं की. माझंबी तेच आहे,” राणीनं छातीवरची पट्टी दाखवली.

सुभेदारांनी पट्टीकडं वाकून बघितलं. “माने? कुठलं माने?”

“आटपाडीकडचे. मेंढरंवाले.”

“हां. मग येगळं तुमी. आमचं मानाचं माने. दरबारात मान हुता म्हणून माने.”

“असंल की. आमचं घरवालं म्हणा मग,” राणी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “पण आबा, हितं लिहिलंय ते तुमचंबी न्हाई आणि आमचंबी न्हाई. हे आडनावच न्हाई.”

मंगलला त्या वेळी एकदम आठवलं. तीन वर्षांपूर्वी, राणी डी.फार्मला असताना, एकदा तिचा भरदुपारी फोन आला होता. मंगल अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होती, फोन बघून तिच्या हातातला डाव गळून पडायचा राहिला, काय झालं पोरीला म्हणून. तर राणी हसत होती. आज वर्गात चिठ्ठ्यांवरचे जुने लॅटिन शब्द शिकवले म्हणे, त्यात आपलं नाव निघालं. स्पेलिंग तेच, एम ए एन ई. आणि उच्चारही कानडीसारखा आखूड नाही की इंग्रजीसारखा वाकडा नाही, अगदी आपलाच, माने. अर्थ सकाळी. सगळ्या पोरी आता मला ‘सकाळी एक’ म्हणतात. मंगल तेव्हा तिच्यावर खेकसली होती. एवढ्यासाठी फोन करत्यात व्हय? आपले डॉक्टर तर चिठ्ठीवर सकाळच्या गोळीला एक-शून्य-शून्य लिहितात, हे लॅटिन तुला कुणाच्या चुलीत घालायचंय?

आता राणी तेच सुभेदारांना सांगत होती. “विलायतेचे डॉक्टर अजून जुन्या भाषेतले शब्द लिहितात. हे माने म्हणजे सकाळी. एक गोळी, सकाळी. कुणी घ्यायची ते वर लिहिलंय, मिसेस शालूबाई माने.”

“तेच म्हणतो मी. मिसेस आन् माने. दोघांचा कागद हाय तो.”

बाजूच्या गिऱ्हाइकाला हसू आवरलं नाही. सुभेदारांनी वळून पाहिलं, तेव्हा ते त्यानं खोकल्यात घातलं.

“बरं, सकाळ तर सकाळ,” सुभेदार इरेला पेटले. “मग खालच्या गोळीम्होरं काय लिहिलंय?”

“नॉक्टे. म्हणजे रात्री.”

“ते कंपनीचं नाव हाय.”

“मी दाखवते. वर मावशींच्या नावात एम कसा काढलाय? मोठा. आणि गोळीपुढं? बारका. माणसाच्या नावाला इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं लागतं, आबा. डॉक्टरांना तुमचं नाव घालायचं असतं तर त्यांनी मोठा एम काढला असता.”

“गडबडीत असंल डॉक्टर,” सुभेदार म्हणाले, पण कागद त्यांनी जवळ ओढून डोळ्यांशी नेला.

आता नानासो पुढं झाले. “राणी, दे गं बाई. साहेब चार म्हयने घेत्यात, आज त्यास्नी बिगरगोळीचं लावू नगं. आवं सुभेदारसाहेब, नवीन पोरगी हाय, मनावर घिऊ नका.”

मंगलच्या ओठांवर शब्द आले होते. ‘दे की बाई, त्यांचं ते बघत्याल.’ फक्त बोलायचं बाकी होतं. एवढ्या शिकलेल्या बाईच्या मनात त्या घडीला ना म्हातारी होती, ना म्हातारा. महिनाअखेर होती.

राणीनं कागदावर तळहात ठेवला. “काका, दुकान तुमचं आहे. पण बिलाखाली फार्मासिस्टची सही लागते आणि ती मी करणार नाही. ही थायरॉईडची गोळी आहे. ज्याला नको त्यानं खाल्ली की काळीज धावायला लागतं. आणि जिला पाहिजे तिला मिळाली नाही की अंग सुजतं, थंडी वाजते.”

सगळ्यांच्या माना खुर्चीतल्या शालीकडं वळल्या.

आता शालूबाई मधे बोलल्या. “मी म्हणत हुते. इंग्लंडात सूनबाई रोज सकाळी मला उपाशीपोटी एक बारकी गोळी द्यायची. हिकडं आल्यावर हे म्हणाले, ती मी घ्यायची, कागदावर माझं नाव हाय.”

“मग तवा का बोलली न्हाईस?” सुभेदार.

“चाळीस वर्षं कवा ऐकलंय?”

राणी म्हणाली, “सूनबाईंना फोन लावू या. त्या सांगतील.”

“तिथं आत्ता सहा वाजल्यात. झोपली आसंल,” सुभेदार म्हणाले.

“उठू द्या.”

फोन लागला. राणीनं तो काचेवर ठेवून स्पीकर सुरू केला. पलीकडून झोपेतला, घाबरलेला आवाज आला. “बाबा? सगळं ठीक आहे ना?”

“ताई, मी सांगलीहून मेडिकलमधनं बोलते. सगळे ठीक आहेत. एवढंच सांगा, थायरॉईडची गोळी घरात कुणाला चालू होती?”

“कुणाला म्हणजे? आईंना. सकाळी उपाशीपोटी. बाबांना कसली गोळी? त्यांचं फक्त बीपी तपासलं होतं, तेही नॉर्मल होतं. का हो, काय झालं?”

उत्तर द्यायला सुभेदार पुढं झाले. मग फोन उचलून म्हणाले, “काय न्हाई. सांजच्याला करतो.” आणि ठेवून दिला.

तेवढ्यात शालूबाई हसायला लागल्या. सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू सावकाश पसरलं आणि थांबेना. “आवं, लगीन झाल्यापासनं माझ्या ताटातलं उचलून खात आलायसा. आता माझ्या दुखण्याची गोळीबी सोडली न्हाई व्हय?”

सुभेदार ओशाळले. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण बायकोच्या त्या हसण्यापुढं कुठं बघावं ते त्यांना कळेना. शेवटी राणीकडं बघून म्हणाले, “आता दे मग. हिला दे.”

“आजच्या आज नाही,” राणी म्हणाली.

नानासोंनी कपाळावर हात मारून घेतला.

“चार महिने बंद आहे, आबा. किती घ्यायची ते रक्त तपासून डॉक्टर सांगतील. आणि तुमचं काळीज आधी दाखवायचं. दोघांनी आज जायचं, आत्ता. मी काय झालं ते लिहून देते, ते डॉक्टरांना द्या.”

तिनं कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. मंगल बघत होती. मराठीत, सुवाच्य, कुणालाही वाचता येईल असं. गोळी सकाळी असं लिहायचं होतं तिथं तिनं सकाळी असंच लिहिलं.

सुभेदारांनी दोन्ही कागद पाकिटात घातले. पायरी उतरताना शालूबाईंनी मंगलचा हात धरला. “तुझी लेक हाय व्हय गं? नाक तुझंच हाय.” मंगलनं मान हलवली आणि त्यांना पायरी उतरवून दिली.

दुपारी दुकान जरा रिकामं झाल्यावर मायलेकी मागच्या खोलीत डबा खायला बसल्या. मंगलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघत म्हणाली, “राणी, मी म्हणणार हुते, दे त्यास्नी गोळी म्हणून.”

“ठाऊक हाय मला. तुझं तोंड बघितलं मी.”

“आन् म्हणाले असते तर?”

“दिली नसती. पण मग तुझ्या हातची भाकरी जड गेली असती.” राणीनं चटणीत तेल घातलं. “खा की आता. भाकरी वाळली.”

मंगलनं खाल्लं. पोरीची जी सवय इतकी वर्षं मोडायला बघितली, तिच्यामुळंच आज दोन जीव सावरले, ही गोष्ट भाकरीबरोबर गिळायला तिला वेळ लागला. पण गिळल्यावर अंगात काहीतरी ताठ झालं. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं “कुठं गेलता?” विचारलं, तेव्हा एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी मंगल विट्यापर्यंत बोलत होती.

चार दिवसांनी सुभेदारांनी दुकानात फोन केला. रक्ताचे रिपोर्ट आले होते. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर असंच चाललं असतं तर दोघांपैकी कुणाचं आधी बिनसलं असतं ते सांगता आलं नसतं. सुभेदारांची गोळी बंद. शालूबाईंची सुरू, आधी कमी ताकदीची, मग वाढवायची. हे सगळं नानासोंनी फोनवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी राणी आली तेव्हा तिचं टेबल आतल्या कपाटाशेजारून उचलून सगळ्यांत पुढं, रस्त्याकडच्या बाजूला मांडलेलं होतं. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करायला लागलं की नानासो म्हणायचे, “आधी तिकडं दाखवा. मानेबाई वाचत्यात, मग मी देतो.” महिनाअखेर आली आणि गेली. राणीला काढायचं नावही कुणी घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी कर्नाटकातून बाळासोचा फोन आला. रेंज असेल तिथून, माळाच्या टोकावरून तो बोलायचा, मागं मेंढरांचा कालवा. मंगलनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुभेदारांचा मान, बारका एम, लॅटिन, नानासोंनी टेबल पुढं कसं मांडलं. लेकीनं आडनावाचं नाव कसं काढलं. सांगता सांगता तिला धाप लागली. पलीकडं बाळासो ऐकत होता, मधे एकदा कुत्र्याला हाकलायला थांबला.

ती थांबल्यावर तो म्हणाला, “म्हातारी कशी हाय आता?”

तीन आठवडे ही गोष्ट तिनं साऱ्या गल्लीला, अंगणवाडीच्या बायकांना, एसटीच्या कंडक्टरला सांगितली होती. कुणीच हे विचारलं नव्हतं आणि तिच्याही मनात आलं नव्हतं. बाळासो शाळेत चौथीपर्यंत गेलेला. पण कळपातल्या एका मेंढीला औषध पाजायचं झालं तरी तो आधी तिचं तोंड हातात धरून, ही कोण, हिला काय होतंय, हे बघितल्याशिवाय बाटली उघडत नाही, हे तिनं इतकी वर्षं बघितलेलं.

“मला न्हाई बाई ठाऊक,” ती म्हणाली. “तुमी ठिवा जरा. राणीला इचारून सांगते.”